चार बोटं उघडी काच

गाडी थांबली तेव्हा उज्ज्वलाबाईंना वाटलं, टोलनाका आला. त्यांनी सवयीनं पर्स जवळ ओढून घेतली. बाहेर पाहिलं तर ना नाका, ना टपरी, ना माणूस. रस्त्याच्या कडेला पिवळ्या पट्ट्यांनी आखलेला एक चौकोन होता आणि त्याच्या बरोबर मधोमध त्यांची गाडी उभी होती. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे होते. तासगावकडे असतात तसे मांडव नव्हते, नुसत्या कमरेएवढ्या वेलींच्या रांगा टेकडीपर्यंत गेल्या होत्या.

गाडीला ड्रायव्हर नव्हताच, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्न होता. पण सकाळी व्हिएन्नातल्या हॉटेलपासून गाडीच त्यांच्याशी बोलत होती, आणि तेही रेडिओवरच्या बातम्यांसारख्या इस्त्री केलेल्या मराठीत. उज्ज्वलाबाईंनी मनातल्या मनात तिचं नाव 'बातम्यावाली बाई' ठेवलं होतं.

"उज्ज्वला जगताप, आपण या प्रवासास राजी नाही," बातम्यावाली बाई म्हणाली. "कायद्यानुसार प्रवास येथे थांबवण्यात येत आहे."

"कोण, मी? मी राजी आहे की. चला बाई, अडीच वाजता पोचायचंय मला."

"आपले शब्द राजी आहेत. आपण राजी नाही."

उज्ज्वलाबाईंनी दाराची कडी ओढून पाहिली. ती ढिम्म हलली नाही. मग दुसऱ्या बाजूची ओढून पाहिली. हमरस्त्यावर प्रवाशाला उतरू देता येत नाही आणि नको असलेल्या ठिकाणी नेताही येत नाही, असं गाडीनं समजावून सांगितलं. कल्याण खात्याचे अधिकारी दुपारी दोनपर्यंत येतील, तोवर हवेसाठी काच खाली करता येईल. काच खाली आली ती चार बोटं. त्यापुढं ती सरकेना. घड्याळात सव्वादहा वाजले होते.

उज्ज्वलाबाई जगताप म्हणजे काही भांबावून जाणारी बाई नव्हे. कराडच्या पोस्टात त्यांनी चौतीस वर्षं काढली, शेवटची सात पोस्टमास्तर म्हणून. पेन्शनवाल्यांच्या रांगेला त्यांनी धाक घातला होता आणि भांडखोर पोस्टमनांना चहा पाजून सरळ केलं होतं. दीड वर्षापूर्वी नवरा गेला, त्या दिवशीही आलेल्या माणसांना पाणी दिलं की नाही ते त्याच बघत होत्या. आता वय सदुसष्ट. भिशीतल्या बायकांबरोबर आठ दिवसांची युरोपची सहल झाली होती. बाकीच्या बायका आज दुपारच्या विमानानं मुंबईला निघणार होत्या आणि उज्ज्वलाबाई एकट्या प्रागला, धैर्यशीलकडे. तो त्यांचा एकुलता एक मुलगा. कायमच्या त्याच्याकडे.

गाडी त्यानंच ठरवली होती. "आई, हॉटेलच्या दारातून माझ्या दारात. बॅगा उचलायला नकोत, स्टेशनात फलाट शोधायला नको," तो म्हणाला होता. उज्ज्वलाबाईंना ते ऐकून रजिस्टर पार्सलची आठवण झाली होती. पण बोलल्या नव्हत्या.

अडीच वाजता प्रागच्या परदेशी नागरिक कार्यालयात त्यांची सही व्हायची होती. मुलावर अवलंबून असलेली आई म्हणून कायमचा परवाना मिळणार होता. ही वेळ मिळायला आठ महिने लागले होते आणि ती हुकली तर पुन्हा वर्षभर रांग. त्याच टेबलावर धैर्यशीलच्या नावानं मुखत्यारपत्र व्हायचं होतं, म्हणजे सोमवारी कराडचं घर शेजारच्या डॉक्टरांना देऊन टाकता येईल. सूनबाई केतकीला नववा लागला होता. सगळं कसं मापात बसलं होतं, आणि ऐन वेळी ही गाडी आडवी आली होती.

या यंत्राबद्दल चार गोष्टी सांगायला हव्यात. मुळात ते शोधायला कुणी निघालंच नव्हतं. ड्रायव्हरला पेंग येते का हे ओळखायचं म्हणून कुणीतरी सीटमध्ये पट्टी बसवली. हृदयाचा प्रत्येक ठोका अंगाला एक अगदी बारीक धक्का देतो, तो त्या पट्टीला कळे. छतातलं छोटं रडार अंगाला हात न लावता श्वास मोजी. समोरचा कॅमेरा गालाखालचं रक्त वर चढताना आणि उतरताना पाही. लाखो प्रवासांची अशी माहिती साठली आणि तिच्यात एक भलतीच गोष्ट सापडली. माणूस जिथं मनापासून जात असतो ते ठिकाण जवळ येऊ लागलं, की त्याचा श्वास आणि ठोका एका विशिष्ट रीतीनं जुळून चालू लागतात. अंग आधीच पोचायला लागतं म्हणा. आणि ज्याला नेलं जात असतं, त्याची ती जोडी मोडते. मांड्यांचे स्नायू आवळतात, पाठ सीटला दाबली जाते. तो हसत असला तरी आणि देवाचं नाव घेत असला तरी.

गंमत अशी, की भीतीचा याच्याशी काही संबंध नव्हता. ऑपरेशनला निघालेला माणूस घाबरलेला असतो पण राजी असतो. यंत्राला दोन्हीतला फरक कळे.

एवढ्यावर ते प्रयोगशाळेत पडून राहिलं असतं. पण त्याच सुमारास युरोपात म्हाताऱ्या आईबापांची प्रकरणं बाहेर आली. दूरदेशांतून त्यांना आणायचं, कागदपत्रं कपाटात ठेवायची आणि नातवंडं सांभाळायला जन्मभर घरात बसवायचं. काहींना तर नकोसे झाले म्हणून घरचेच भलत्याच दारात सोडून देत. मग कायदा आला. साठीच्या पुढचा माणूस सरहद्द ओलांडून नेणाऱ्या प्रत्येक भाड्याच्या गाडीत हे यंत्र हवं. आणि नुसतं जाणाऱ्याचं नाही, घेणाऱ्याचंही मन बघायचं. पोचल्यावर घेणाऱ्यानं दारावर तळहात ठेवायचा, तो राजी दिसला तरच दार उघडणार. सरकारी भाषेत त्याला स्वेच्छामापक म्हणत, आपली माणसं राजीयंत्र म्हणू लागली. कामावर जाणाऱ्यांना त्यातून सूट होती, हे बरं. नाहीतर सोमवारी सकाळी जगातली एक गाडी जागची हलली नसती.

तरीही उज्ज्वलाबाई त्यातून सुटल्या असत्या. घोळ त्यांनी स्वतःच घातला होता. सकाळी हॉटेलच्या दारात बातम्यावालीनं विचारलं होतं, "आपण स्वखुशीने जात आहात का?" आता आपल्याकडची कुठली बाई या प्रश्नाला 'हो, मला फार जायचंय' असं उत्तर देईल? उज्ज्वलाबाई म्हणाल्या होत्या, "मुलगा एवढं म्हणतोय म्हटल्यावर जायला नको का?" गाडीनं पुन्हा विचारलं. "मला काय हो, मी कुठंही राहीन," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीनं, शालननं, कौतुकानं मान डोलावली. भिशीतल्या सगळ्यांना हे उत्तर आवडलं असतं. गाडीनं मात्र तिथंच एक खूण केली आणि पुढचे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर त्यांच्या श्वासावर बारीक नजर ठेवली.

धैर्यशीलचा फोन आला तो लगेचच. गाडी त्याच्या नावावर असल्यानं त्याला सगळं दिसत होतं.

"आई, काय झालं? काय म्हणालीस तू तिला?"

"काही नाही रे. आपलं नेहमीसारखं."

"काय नेहमीसारखं?"

उज्ज्वलाबाईंनी सांगितलं.

"आई, एक साधं हो म्हणायचं होतंस."

"असं कुणी हो म्हणतं का? हावरटासारखं दिसतं."

"बरं, राहू दे. अजून वेळ आहे. साडेअकरापर्यंत निघालीस तरी पोचशील. तुझ्यासमोर एक पट्टी दिसतेय का? मध्ये रेघ आहे बघ. ती निळी पट्टी रेघेच्या वर गेली की गाडी सुटेल."

समोरच्या पडद्यावर पट्टी होती खरी. रेघेच्या खूप खाली, थर्मामीटरमधल्या पाऱ्यासारखी पडून राहिली होती. धैर्यशीलनं आधी दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. उज्ज्वलाबाईंनी डोळे मिटून वीस श्वास घेतले.

"आपण शांत आहात," गाडी म्हणाली. "राजी नाही."

मग त्यानं फोटो पाठवले. त्यांच्यासाठी लावलेली खोली, खिडकीत ठेवलेली तुळस, सोनोग्राफीतला बाळाचा अंगठा. अंगठा पाहून उज्ज्वलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पट्टी थोडी वर सरकली. मग धैर्यशील म्हणाला, "आणि ही बघ, तुझ्या खोलीबाहेर कायमची नावाची पाटी पण लावलीय," आणि पट्टी पुन्हा खाली बसली. ती खाली जाताना दोघांनीही पाहिली. एकमेकांपासून अडीचशे किलोमीटरवर मायलेक एकाच पट्टीकडे बघत होते, आणि कुणालाच दुसरीकडे बघता येत नव्हतं.

"आई," तो हळू म्हणाला, "तुला यायचंच नाहीये का?"

"असं कसं म्हणतोस? माझं तुझ्याशिवाय कोण आहे?"

पट्टी हलली नाही. आयुष्यभर कितीतरी वेळा उज्ज्वलाबाई असं काहीबाही बोलल्या होत्या आणि समोरच्यानं ते मानून घेतलं होतं. खोटं नसायचं ते. पण खरंही कुणी तपासायचं नाही, म्हणून तर घरं चालतात. इथं वीतभर पट्टीनं सगळं चव्हाट्यावर आणलं होतं. त्यांना लाज वाटली. आंघोळ करताना कुणी दार ढकलावं तशी.

"मी बघतो काय करता येतं," एवढं म्हणून धैर्यशीलनं फोन ठेवला. त्याचा आवाज दुखावलेला होता.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. उन्हानं गाडीचं छत तापू लागलं. चार बोटांतून येणारी हवा डोक्यावरून जात होती. उज्ज्वलाबाईंना भूक लागली होती. पायाशी पिशवीत डिंकाच्या लाडवांचा डबा होता, पण ते बाळंतिणीचे. त्यांनी डब्याला हात लावला नाही. थोडा वेळ त्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजत बसल्या, मग त्याचाही कंटाळा आला.

"अहो बाई," शेवटी त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं दुसरा काही उपाय नाही का?"

"आपण दुसरे ठिकाण सांगू शकता. जिथे जाण्यास आपण राजी असाल तिथे मी आपल्याला नेईन. दूर असल्यास त्या वाटेवरच्या विमानतळावर पोचवीन."

ही सोय आहे हे आधी कुणी बोललंच नव्हतं. उज्ज्वलाबाई ताठ बसल्या. मनात एक नाव इतक्या लगेच आलं, की त्यांना स्वतःचाच राग आला. कराड. भिशीतल्या बायका अजून विमानतळावर पोचल्याही नसतील. त्यांच्यात जाऊन बसायचं. शालनला म्हणायचं, सरक जरा. परवा सकाळी आपल्या ओट्यावर चहा.

"कराड," त्या म्हणाल्या. आवाज चोराचा निघाला.

गाडीनं वीस सेकंद ऐकून घेतलं. पट्टी चढली, रेघेपाशी गेली, तिथं थोडी घुटमळली आणि उतरली.

"कराडला जाण्यास आपण राजी नाही."

"अहो, माझं घर आहे ते."

पण बोलता बोलताच त्यांना ते घर दिसायला लागलं. संध्याकाळी सहाला लागणारा टीव्ही. ह्यांची खुर्ची. एका माणसाची भाजी करायची म्हणून दोन दिवसांची करायची आणि दुसऱ्या दिवशी तीच खाताना घास फिरायचा. रात्री दाराला आतून कडी लावताना, उद्या ही उघडली नाही तर कुणाला कधी कळेल, असा विचार रोज यायचा. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

त्यांनी माहेरचं नाव घेतलं. तिथं आता भाचेसून होती, पट्टी जागची उठलीसुद्धा नाही. पुण्याच्या नणंदेचं घेतलं. हट्टाला पेटून सहलीत पाहिलेल्या दोन-तीन गावांची नावं घेतली. मग त्यांना पुढं नाव सुचेना.

माणसाला कोंडल्यासारखं वाटतं ते दार बंद असतं म्हणून, असं आपण समजतो. उज्ज्वलाबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं, की दार आत्ता उघडलं तरी त्यांना जायला जागा नाही. हे कळलं आणि त्या घाबरल्या. खऱ्याखुऱ्या घाबरल्या. कडी ओढली, काचेच्या फटीतून चार बोटं बाहेर काढून हलवली. वेलींच्या रांगांत लांबवर एक ट्रॅक्टर चालला होता. त्यांना हाक मारायची होती, पण कुठल्या भाषेत काय म्हणून मारायची?

मग त्यांनी लाडवांचा डबा उघडला. सूनबाईचे लाडू, पोरीच्या कंबरेसाठी केलेले, महिनाभर जपून आणलेले. त्यांनी एक उचलला आणि खाल्ला, आणि मग दुसराही खाल्ला. सुंठ जरा जास्त झाली होती. कुणालाही न विचारता, कुणी आग्रह न करता, दुसऱ्याच्या वाटणीचं असं त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच खाल्लं होतं. पाणी प्यायल्या. डोकं जरा थाऱ्यावर आलं.

पोस्टात रजिस्टर पत्र कुणी घेतलं नाही, तर त्यावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ते परत पाठवायचे. उज्ज्वलाबाईंनी असे हजारो शेरे मारले होते. नकाराला पोस्टात केवढा मान होता. कुणी म्हणत नसे, की अहो, घ्या हो, एवढ्या लांबून आलंय. घरात मात्र त्यांच्या नकाराला कुणी कधी शिक्का मारला नव्हता. मारणार तरी कसा, त्यांनी तो कधी तोंडातून काढलाच नव्हता. आज या मठ्ठ गाडीनं तो आपणहून नोंदवला होता.

बाराच्या सुमाराला फोन वाजला. केतकी होती.

"आई, काही खाल्लंत का?"

"तुझे लाडू खाल्ले. दोन."

"बरं केलंत." केतकीला आता बोलताना धाप लागायची. "धैर्य बाहेर गेलाय, ऑफिसात कुणाला तरी भेटायला. आई, मी तुम्हाला एक विचारू का? मागेच विचारायला हवं होतं. तुम्हाला काय पाहिजे?"

"मला काय पाहिजे असणार."

"नाही, असं नको. मी इथं आले तेव्हा मलाही सगळ्यांनी खोली दाखवली, तुळस दाखवली. काय पाहिजे ते कुणी विचारलं नाही. दोन वर्षं मी रोज विमानांचे दर बघायचे. घ्यायचं नव्हतं तिकीट. नुसतं बघायचे."

उज्ज्वलाबाई ऐकत राहिल्या. ही मुलगी आपल्याला सहा वर्षं माहीत आहे आणि आपल्याला काहीच माहीत नाही, असं त्यांना वाटलं.

"केतकी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटेल इतका आवाज सरळ निघाला, "मला बाळाला बघायचंय. तुझी कंबर शेकायचीय. तीन महिने. मग मला परत जायचंय. आणि घर विकायचं नाही. मी गेल्यावर एकटीच असेन, ते मला आवडत नाही, पण मग मी पुन्हा येईन. पुन्हा जाईन. मला ती सही करायची नाही, बाई. कायमचं म्हटलं की माझा जीव गुदमरतो. इथलं कायमचं नको नि तिथलं पण नको."

"मग तसंच करू," केतकी म्हणाली. "मी सांगते त्याला."

"नको. मीच सांगते." त्या पडद्याकडे वळल्या. "अहो बाई. प्राग. तीन महिने. परतीच्या तिकिटासकट."

वीस सेकंद झाले. पट्टी रेघेपाशी आली, घुटमळली आणि रेघ ओलांडून वर गेली. गाडी काही न बोलता चौकोनातून बाहेर पडली.

धैर्यशीलला त्यांनी चालत्या गाडीतून फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे आठ महिन्यांची खटपट वाया," तो म्हणाला.

"हो."

"बरं. ये."

त्या दोन शब्दांत उज्ज्वलाबाईंना काहीही सापडलं नाही, रागही नाही. पुढचे तीन तास त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं असेल, पण विचाराल तर एक झाड आठवलं नसतं.

साडेतीन वाजता गाडी एका चार मजली इमारतीसमोर थांबली. फुटपाथवर धैर्यशील उभा होता. वडिलांसारखाच एका पायावर भार देऊन. केस मागं हटले होते, दाढी दोन दिवसांची होती. उज्ज्वलाबाईंनी काचेतून हात हलवला. तो हसला, पुढं आला आणि दारावरच्या काळ्या चौकोनावर त्यानं तळहात टेकवला.

"घेणारी व्यक्ती राजी नाही," बातम्यावाली बाई म्हणाली.

ती आत बोलली तशी बाहेरही बोलली. धैर्यशीलनं हात काढला, पँटला पुसला, पुन्हा ठेवला.

"घेणारी व्यक्ती राजी नाही. कल्याण खात्यास कळवण्यात आले आहे. तासाभरात अधिकारी येतील."

"मशीन बिघडलंय," धैर्यशील म्हणाला. "मी राजी आहे. आई, मी राजी आहे."

आता उज्ज्वलाबाईंच्या जागी दुसरी कुणी असती तर तिच्या काळजाचं पाणी झालं असतं. त्यांच्याही झालं. ज्या दारासाठी आपण दोन तास कोंडून घेतलं त्या दाराला आपण नको आहोत. पण त्या मुलाचा चेहरा बघत होत्या, आणि तो चेहरा त्यांनी सकाळपासून समोरच्या काळ्या पडद्यात पाहिलेला होता. स्वतःचाच.

त्यांनी काच खाली केली. चार बोटं.

"धैर्या, मशीन बिघडलेलं नाही. मी बघितलंय त्याला. खाली बस."

तो फुटपाथच्या कडेला, दाराला टेकून बसला. त्याचं डोकं काचेच्या खालच्या कडेशी आलं.

"रागावलायस का?"

"नाही. म्हणजे होतो. पण ते नाही आई." तो पायाजवळच्या दगडाकडे बघत बोलला. "बाबांच्या तेराव्याला बापूमामा सगळ्यांसमोर म्हणाला, आता आईला एकटी टाकून हे साहेब उडणार. तेव्हा मी म्हटलं, आई माझ्याकडे येणार, कायमची. तुला विचारलं नव्हतं. तू पण तिथंच उभी होतीस. तू म्हणालीस, पोरगा नेईल तिथं जाईन. मग मागं कसा फिरू मी?"

"तुला नको होतं?"

त्यानं पायाजवळचा दगड बोटानं सरकवला.

"मला तू हवी आहेस. पण तू आलीस ना घरात, की मी पुन्हा दहावीतला होतो. तू माझ्या ताटात काय उरलंय ते बघतेस. मी केतकीशी जरा मोठ्यानं बोललो की तू पदर सावरत स्वयंपाकघरात जातेस. मला बाप व्हायचंय आई, आणि तुझ्यासमोर मला ते जमेल असं वाटत नाही. मला भीती वाटते. आणि असं वाटतं याची लाज वाटते. मी काय मुलगा आहे?"

उज्ज्वलाबाईंना हसू फुटलं आणि त्याबरोबरच रडू आलं. आठ महिने दोघं एकमेकांसाठी नको असलेल्या गोष्टीच्या रांगेत उभे होते, आणि नंबर लागला म्हणून पेढे वाटले होते.

"मला वाटलं, तुला मी हवीय म्हणून मी निघाले," त्या म्हणाल्या. "आणि तुला वाटलं, मला यायचंय म्हणून तू बोलावलंस. आणि बापूमामा कराडात दुपारचा झोपलाय."

धैर्यशील हसला. त्याचे खांदे हलत होते, हसण्यानं की कशानं ते वरून दिसत नव्हतं. मग त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, लहानपणी पुसायचा तसं. उज्ज्वलाबाईंच्या जिभेवर 'रुमाल कुठंय' आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"जेवलायस का दुपारी?"

"नाही."

त्यांनी डबा उघडला. लाडू फटीतून जाईना, म्हणून त्यांनी तो फोडला आणि अर्धा बाहेर सरकवला. धैर्यशीलनं खाल्ला. तळहातावर पडलेला चुराही खाल्ला.

"सुंठ जास्त झालीय," तो म्हणाला.

"तुझ्यासाठी केलेलेच नाहीत."

"तरी जास्तच झालीय."

"बरं बाबा, झालीय. ताट तुझं तू बघ, मी नाही बघणार. तीन महिने चालतील का मी?"

तो विचार करत होता. त्यांच्या घरात या प्रश्नावर विचार करायची पद्धत नव्हती.

"तीन चालतील," तो म्हणाला. "पण पहिल्या आठवड्यात बाळाला अंघोळ मी घालणार. चुकली तरी मीच."

उज्ज्वलाबाईंनी उरलेला अर्धा फटीतून पुढं केला. तो घेऊन धैर्यशील उठायला लागला, तेव्हा आधारासाठी टेकलेला त्याचा दुसरा हात नेमका काळ्या चौकोनावर पडला. तळहात तुपानं माखला होता. बातम्यावाली बाई या वेळी काही बोलली नाही. दाराच्या आत कुठंतरी खट्ट असा आवाज झाला आणि दार वीतभर पुढं आलं.

धैर्यशीलनं ते उघडून धरलं. उज्ज्वलाबाई जागच्या हलल्या नाहीत. डब्याचं झाकण नीट बसवत त्या म्हणाल्या, "थांब जरा. तू आधी तेवढा लाडू संपव, मग उतरते."